न्यू जर्सीत कॅनाबिसच्या (गांजाच्या) छोट्या दुकानाचं लायसन काढताना: माझा अनुभव

बरेच जण विचारतात लायसन कसं मिळालं, किती खर्च आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी २० वर्षांहून जास्त न्यू जर्सीत राहते, सिटिझन आहे, आधी फार्मसीत टेक्निशियन होते. आज माझं कॅनाबिसचं रिटेल दुकान आहे, १,८०० स्क्वेअर फूट, मला धरून ७ माणसं.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅनाबिस कायदेशीर करायचं का यावर इथं मतदान झालं, दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर मर्फींनी कायद्यावर सही केली. तो कायदा मी रात्री किचनच्या टेबलावर बसून वाचला, आणि त्यात मायक्रोबिझनेस नावाचा प्रकार सापडला तेव्हा खरंच वाटलं की हे आपल्यासारख्यांसाठी लिहिलंय. जास्तीत जास्त १० माणसं, २,५०० स्क्वेअर फूट जागा, रिटेलला महिन्याला १,००० पौंड वजनापर्यंत माल, आणि सगळे मालक किमान २ वर्षं राज्यात राहिलेले. अर्ज करताना १०० डॉलर, मंजूर झाला की ४००, मग वर्षाची फी १,०००. शिवाय एकूण लायसनांपैकी किमान २५ टक्के मायक्रोंना द्यायची असं कायद्यातच आहे. एवढ्या पैशात तर इथं जुनी गाडीपण येत नाही.

पहिला धक्का घरातच बसला. आपल्याकडे धंदा उभा राहतो तो घरच्यांच्या पैशावर, बँक नंतर येते. माझा दीर ४० हजार द्यायला तयार होता, पण तो एच-१बी वर, आणि मिस्टर ग्रीन कार्डवर. वकीलबाईंनी दोघांनाही हात लावू नका म्हणून सांगितलं, कारण राज्यात कायदेशीर असलं तरी फेडरल कायद्यात हा अजून गुन्हाच, आणि इमिग्रेशनवाल्यांनी एप्रिल २०१९ मध्येच स्पष्ट केलंय की या धंद्यात काम केलं तरी सिटिझनशिप अडकू शकते. म्हणजे ज्यांनी १५ वर्षं माझ्या घराचे हिशोब ठेवले ते मिस्टर माझ्या दुकानाच्या वहीला शिवू शकत नाहीत. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, घरात कोणाचा व्हिसा काय आहे ते सगळ्यात आधी बघा. सांगलीला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "सुनबाई, गांजाच ना गं तो?" मी म्हटलं हो आई, तोच. त्यांना पटायला वर्ष लागलं.

रिटेलचे अर्ज १५ मार्च २०२२ ला उघडले. मी कंडिशनलचा भरला, म्हणजे जागा हातात नसताना करता येतो तो. त्याला उत्पन्नाची अट आहे, आदल्या वर्षी एकट्याचं २ लाख किंवा नवराबायकोचं मिळून ४ लाख डॉलरच्या वर नको. माझा अर्ज एकदा परत आला, मालकीच्या फॉर्ममध्ये माझीच चूक होती, दुरुस्त करून दिला आणि मंजूर झाला. पेढे वाटले आम्ही.

पण कंडिशनल म्हणजे दुकान नाही. सुरुवातीला १२० दिवस मिळायचे, वर ४५ दिवसांची वाढ, आणि तेवढ्यात जागा शोधायची, गावाचं झोनिंग (कुठल्या भागात असं दुकान चालतं ते) बघायचं, गावाच्या कौन्सिलकडून संमतीचं रिझोल्यूशन (ठराव) आणायचं आणि मग पूर्ण लायसनला अर्ज करायचा. राज्यात ५६४ गावं आहेत. ऑगस्ट २०२१ पर्यंत त्यांना नाही म्हणायची मुभा होती आणि बहुतेकांनी नाहीच म्हटलं. मायक्रोला आणखी एक अट, मालक आणि कामावरच्या माणसांपैकी किमान ५१ टक्के त्याच गावातले किंवा शिवेला लागून असलेल्या गावातले हवेत. म्हणजे उठून लांबच्या गावात जायची सोय नाही. माझ्या गावाला पाच गावं लागून आहेत, त्यातल्या चारांनी दार बंद केलेलं.

म्हणून आधी माझ्या स्वतःच्या गावात प्रयत्न केला. तिथं हो होतं, पण रिटेलची लायसनं फक्त दोन. गावाची अर्ज फी ५,००० डॉलर, परत न मिळणारी, म्हणजे राज्याच्या सगळ्या फीच्या तिप्पटीहून जास्त. वर मार्क द्यायची पद्धत, हातात जागा असेल तर मार्क, बँकेत भांडवल असेल तर मार्क, आधी दुकान चालवलं असेल तर मार्क. आता नवीन छोट्या माणसाकडे यातलं काय असणार? जागेचे मार्क जाऊ नयेत म्हणून मी लीज केली, महिन्याला ४,२०० भाडं. साधा किराणावाला असता तर घरमालकाने ३,००० ला दिली असती, पण कॅनाबिस म्हटलं की सगळ्यांचे भाव बदलतात. ११ महिने रिकाम्या जागेचं भाडं भरलं. रोज कामावरून येताना काचेतून आत बघायचे, नुसती फरशी आणि एक शिडी. शेवटी दोन्ही लायसनं मोठ्या भांडवलाच्या अर्जदारांना गेली, माझा नंबर चौथा. ४६,२०० डॉलर आणि फार्मसीतले सुट्टीचे सगळे दिवस गेले.

लायसनांना मर्यादा असू नये असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक कोपऱ्यावर दुकान मलाही नकोय, माझी मुलगी याच गावात शाळेत जाते. पण मर्यादा मोजताना २,५०० फुटांच्या आतलं माझं दुकान आणि अनेक राज्यांत दुकानं असलेली कंपनी, दोघांना एक एक आकडा धरायचं हे कसं बरोबर? राज्याने तसं केलेलं नाही. लागवडीच्या लायसनांवर राज्याने फेब्रुवारी २०२३ पर्यंत ३७ ची मर्यादा घातली होती आणि त्यात मायक्रो मोजलेच नव्हते. २१ एप्रिल २०२२ ला विक्री सुरू झाली तेव्हा १२ दुकानं उघडली, सगळी आधीपासून मेडिकलमध्ये (औषध म्हणून कॅनाबिस विकण्यात) असलेल्या कंपन्यांची, त्यांच्याकडे जागा, माल, माणसं सगळं तयार होतं. त्यांच्याशी मार्कांच्या शर्यतीत उतरायला लावलं की २५ टक्क्यांचं कलम कागदावरच राहतं.

मला रस्ता सापडला तो लागून असलेल्या पाचव्या गावात. तिथल्या कौन्सिलने दोन मोठ्यांसाठी आणि एक मायक्रोसाठी असं वेगळं मोजलं. जुनी लाँड्री होती, मालकिणीने सांगितलं की रिझोल्यूशन येईपर्यंत अर्धं भाडं दे. तेवढ्यावर मी टिकले.

दुकान उघडल्यावरही सोपं नाहीये. फेडरल टॅक्समध्ये २८०ई कलमामुळे भाडं, पगार यातलं काही खर्चात धरता येत नाही, फक्त मालाची किंमत धरता येते, त्यामुळे हातात काही उरलेलं नसताना टॅक्स भरावा लागतो. मोठ्याला तीन दुकानांत ते पसरवता येतं, मला एकाच काउंटरवरून काढायचंय.

आता माझ्या गावात तिसरं लायसन वाढवायचं चाललंय. मंगळवारी कौन्सिलची मीटिंग आहे, बोलायला ३ मिनिटं मिळतात. मला तिथं दुकान काढायचं नाहीये, कायद्याने मायक्रोवाल्याला दुसरं घेताही येत नाही. पण ते तिसरं मायक्रोसाठी वेगळं ठेवा आणि जागेचे मार्क काढून टाका, एवढंच सांगायचंय. भाड्याच्या ११ पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, प्रत्येक मेंबरला एक सेट देणार आहे. आसपास राहणारं कोणी येणार असेल तर सात वाजता या.