तोच मणी पुन्हा

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला पायी निघाले, ते नवस फेडण्यासाठी नव्हे. घरी माझी आई आहे. गेली तीन वर्षे तिची स्मृती हळूहळू विरत चालली आहे, आणि एकच प्रश्न तिने पाचव्या-सहाव्यांदा विचारला की माझा आवाज चढतो. पापनिवेदनात मी दर वेळी हेच सांगत असे. या वेळी फादरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि प्रायश्चित्त म्हणून एवढेच सांगितले की, यंदाच्या पदयात्रेत ये, पण सगळ्यांच्या मागे चाल.

संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, म्हणजे सण, 3 डिसेंबरला असते आणि त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, 24 नोव्हेंबरला सुरू होते. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडून कितीतरी भाविक पायी गोव्याला जातात. आमची वाट साठ किलोमीटरांहून थोडी अधिक होती: बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल, म्हापसा, पणजी आणि मग जुने गोवे. ऊन चढण्यापूर्वी जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापायचे म्हणून आम्ही पहाटे चारला निघालो. पुढे क्रूस होता आणि सर्वांत मागे मी, एका वृद्ध मावशींच्या सोबतीला.

मावशींचे गुडघे दुखत होते. डाव्या गुडघ्यावर त्यांनी निळा रुमाल घट्ट बांधला होता. तो दर थोड्या वेळाने घसरून पोटरीवर यायचा, त्या थांबायच्या, वाकायच्या आणि गाठ सोडून पुन्हा बांधायच्या. मी बांधून देते म्हटले तर नको म्हणायच्या. मात्र माझी खरी कसोटी त्यांच्या रोझरीने, जपमाळेने, पाहिली. दहा मण्यांच्या दशकात त्या मध्येच कोठेतरी हरवायच्या, सातवा मणी की आठवा हे आठवायचे नाही, आणि अजिबात न खजील होता म्हणायच्या, “चुकलंय गो बाय, परत पहिल्यापासून घेवया.” बांद्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा आमचा जथा वळणाआड दिसेनासा झाला होता. मी मण्यावरचा अंगठा पुढे सरकवून “आठवा झाला” असे म्हणणारच होते, पण त्यांनी डोळे मिटून पहिली ‘नमो मरिये’ सुरूही केली होती.

त्या दिवशी दुपारी सावलीत पाय पसरून बसले असता मनात आले की, पाच दशकांत हीच प्रार्थना मी पन्नास वेळा म्हणते, बालपणापासून म्हणत आले आहे, आणि तेच ते ऐकून पवित्र माता कंटाळली असेल अशी शंका मला कधी शिवलेली नाही. मग आईचा एक प्रश्न दहा वेळा ऐकणे मला एवढे जड का जावे? या विचाराने मला रडू आले, हे मी लपवणार नाही.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत धीरासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. एक संकटाच्या ओझ्याखाली टिकून राहण्याचा. दुसरा माणसांच्या बाबतीत राग लांबवण्याचा. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये सहनशीलता म्हणून जी येते, ती ही दुसरी. पहिला धीर माझ्यापाशी बऱ्यापैकी आहे, असे मला वाटते. आजारपण, पैशांची ओढाताण मी निभावून नेली आहे. दुसरा मात्र स्वयंपाकघरात, औषधाच्या वेळी, दाराची कडी लावताना लागतो, आणि तेथे मी उणी पडते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पणजीहून रायबंदरच्या बांधावर आलो. सतराव्या शतकात बांधलेला हा बांध तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. डावीकडे मांडवी वाहते आणि शेवट लवकर येत नाही. तेथे मावशींनी मला विचारले की, सायब, म्हणजे संत झेवियर, कसे वारले ते ठाऊक आहे का. मला माहीत होते, तरी त्यांना सांगू दिले. चीनला जाण्याची सायबांना तळमळ लागली होती. किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर ते एका व्यापाऱ्याच्या नावेची वाट पाहत राहिले. नाव आलीच नाही, आणि 3 डिसेंबर 1552 रोजी, वयाच्या 46व्या वर्षी, एका झोपडीत त्यांनी प्राण सोडला. ज्यांनी एवढे समुद्र ओलांडले, त्यांचे अखेरचे दिवस निव्वळ वाट पाहण्यात गेले. त्यांच्या फेस्ताची तारीख त्याच दिवसाची आहे, हे मी लहानपणापासून जाणत होते. पण नऊ दिवस प्रार्थना करून आपण त्या न आलेल्या नावेपाशी पोहोचतो, असा विचार मी कधी केला नव्हता.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत सायबांचे शव असलेल्या चांदीच्या पेटीकडे पाहत मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या. रुमाल पुन्हा घसरला होता. या वेळी त्यांनी पाय पुढे केला आणि मी गाठ बांधली.

घरी परतले त्या रात्री आईने विचारले, “कुठे गेली होतीस?” मी सांगितले. जेवताना तिने पुन्हा विचारले, अंथरूण घालताना पुन्हा. सहाव्यांदा माझा आवाज चढला आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. मी दिवा मोठा केला, तिच्याजवळ बसले आणि म्हटले, “आई, चुकले माझे. ऐक हं, पहिल्यापासून सांगते. आम्ही पहाटे चारला सावंतवाडीहून निघालो...”