हिला काहीतरी खायला द्या

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यांतल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय ज्या वाक्यानं संपतो, त्यावर उपदेश झालेला निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. १२ वर्षांची मुलगी मरणातून उठली आहे, खोलीतली माणसं थक्क होऊन उभी आहेत आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. झालं, अध्याय संपला. पुढच्या अध्यायात तो आपल्या गावाकडे निघालेला असतो.

मी मात्र दर वेळी त्या वाक्यापाशी घुटमळते.

त्या मुलीचा बाप याईर हा सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाचा अधिकारी, म्हणजे चारचौघांत मान असलेला माणूस. लेक मरायला टेकल्यावर तो मान बाजूला ठेवतो आणि येशूच्या पायांवर पडतो. येशू निघतोही त्याच्याबरोबर. पण वाटेत ही गर्दी! त्या गर्दीत १२ वर्षं रक्तस्रावानं बेजार झालेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. याईर शेजारीच उभा. त्याच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल, हे मार्क सांगत नाही. आजारी मूल मांडीवर घेऊन दवाखान्यात आपल्या नंबराची वाट पाहिलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. आपल्या आधी आत गेलेला माणूस डॉक्टरांशी काय इतकं बोलतोय, असं तेव्हा वाटतं. तो माणूस खरंच आजारी असला तरी वाटतं.

तेवढ्यात घरून निरोप येतो: मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता? येशू म्हणतो, भिऊ नको, विश्वास मात्र धर. घरी रडारड चाललेली. मुलगी मेली नाही, झोपली आहे, असं तो म्हणतो तेव्हा तीच रडणारी माणसं त्याला हसतात. तो सगळ्यांना बाहेर काढतो. आत राहतात आईबाप आणि तीन शिष्य. तो मुलीचा हात धरून तिला ऊठ म्हणतो, ती उठते आणि चालू लागते.

मग दोन सूचना. पहिली, हे कुणाला कळू देऊ नका. आता दाराबाहेर अख्खा गाव रडत बसलेला असताना ही कितपत पाळली गेली असेल, याची मला दाट शंका आहे. दुसरी सूचना खाण्याची.

मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना ही ओळ गाळली आहे. लूकनं आपल्या शुभवर्तमानात ठेवली आहे. मार्काचं शुभवर्तमान तर चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं, १६ अध्यायांचं. त्याला कायम कुठेतरी पोचायची घाई असते. तरी ही ओळ त्यानं जपून ठेवली, तीही शेवटी. जाणकार सांगतात की ती पुराव्यासाठी आहे, कारण भूत जेवत नाही. असेलही. पुनरुत्थानानंतर येशू स्वतः भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांसमोर खातो, तिथे तो अर्थ लागूही पडतो. पण याईराच्या घरात पुरावा मागणारं होतंच कोण? शंका घेणारे बाहेर काढलेले. आईबापांना आपलं मूल जिवंत आहे हे पटवायला घासाची गरज नसते.

मला वाटतं, ती ओळ आईबापांना भानावर आणायला आहे. दुःखात माणूस सुन्न होतो हे आपल्याला ठाऊक असतं. सुटकेच्या आनंदातही होतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

धाकटीला एकदा तापानं धरलं होतं. कपाळावर ठेवलेली ओली पट्टी बघता बघता गरम व्हायची. ती काढून दुसरी ठेवायची, की पहिली पुन्हा वाटीत. वाटीतलं पाणीही कोमट झालेलं. पहाटे कधीतरी तिला घाम फुटला, कानामागचे केस उशीला चिकटले आणि डोळे न उघडताच ती म्हणाली, "भूक लागली." रात्रभर शेजारी बसलेला नवरा ताडकन उठून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी बघायला गेले. फ्रिजचं दार सताड उघडं, आतल्या दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर आणि हा नुसता उभा. आपण काय घ्यायला आलो, हेच त्याला आठवत नव्हतं. फ्रिज बिचारा दार लावा म्हणून टुंटुं करत होता. "अरे, दूध घे आणि गरम कर," मी म्हटलं. तेव्हा कुठे हात हलले.

याईर आणि त्याची बायको त्या क्षणी अशीच उभी असणार. म्हणून कुणीतरी त्यांना सांगावं लागतं. आणि ते सांगायला देवाचा पुत्रच पुढे होतो, याचं मला फार नवल वाटतं. एवढं मोठं काम केल्यावर पुढचं छोटं काम त्याच्याच लक्षात असतं.

हे त्या एकाच पानावर आहे असंही नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचं बघा. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी उतरलेला आणि पाठोपाठ राणी ईजबेलची धमकी आलेली. एवढा धीराचा माणूस, पण जीव मुठीत धरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, माझा जीव घे. एवढं बोलून झोपी जातो. देवदूत येतो. इथे त्यानं विश्वासावर चार शब्द सुनवायला हवे होते, पण तो म्हणतो, ऊठ, हे खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खाण्यासाठीच, कारण मजल लांबची आहे. त्या अन्नाच्या बळावर एलीया ४० दिवस आणि ४० रात्री चालून होरेब डोंगरापर्यंत जातो. तू इथे काय करतोस, हा अवघड प्रश्न देव त्याला तिथे पोचल्यावर विचारतो, त्याआधी नाही.

आता यावरून घरकाम हीच प्रार्थना, भांडी घासणं हीच उपासना, असं गोड गोड मी सांगेन असं वाटत असेल, तर तसं नाही. असं सांगणाऱ्यांच्या हातांना साबणाचा वास क्वचित येतो. खरकटी भांडी ही खरकटी भांडीच असतात आणि रात्री उशिरा ती घासताना मला काहीही उदात्त वाटत नाही. पवित्र शास्त्रही त्या कामांना सोन्याचा मुलामा देत नाही. ते फक्त त्यांना गाळत नाही. मला तेवढं पुरतं.

मार्थेच्या बाबतीत मात्र वाचणाऱ्यांनी अन्याय केलाय. लूकच्या दहाव्या अध्यायातला तो प्रसंग: मार्थेची बहीण मरीया येशूच्या पायांशी ऐकत बसलेली, मार्था एकटी राबतेय, शेवटी वैतागून तक्रार करते आणि येशू तिला म्हणतो की तू फार गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस. यावर उपदेश खंडीभर. ऐकणं मोठं, राबणं छोटं असं त्यात ठासून सांगायचं आणि उपदेश संपला की सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं! स्वयंपाक कुणी केला, हे विचारायचं नाही. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात याच मार्थेचा भाऊ लाजर वारलाय. मरीया घरात बसून राहते आणि मार्था उठून येशूला वाटेत गाठते. आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात, असं स्वच्छ शब्दांत बोलून दाखवते. जवळजवळ हेच शब्द येशूचा शिष्य पेत्र बोलला तेव्हा त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्यांचं वचन मिळालं. मार्थेला काय मिळालं? भाऊ परत मिळाला, हे खरंच. पण पुढच्याच अध्यायात बेथानीत जेवणावळ आहे, लाजर पंगतीला बसलाय आणि योहान सहज लिहून जातो, मार्था वाढत होती. या वेळी तिला कुणी काही म्हणत नाही आणि तीही कुणाची तक्रार करत नाही. कामातून तिची सुटका झालेली नाही, दगदग तेवढी गेलेली असावी.

आमच्या घरी सासूबाईंचा एक जुना नियम आहे: ताटावर विषय काढायचा नाही. थोरल्याचे कमी पडलेले मार्क, त्याचं उशिरा येणं, आमची आपसांतली धुसफूस, जे काही असेल ते हात धुतल्यावर. त्यांनी काही योहानाचा एकविसावा अध्याय वाचून हा नियम केलेला नाही, पण तो तिथे जसाच्या तसा आहे. रात्रभर मासे न मिळालेले सात शिष्य पहाटे किनाऱ्याला येतात, तर तिथे येशूनं कोळशांचा विस्तव पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवलेली. या या, न्याहारी करा, म्हणतो. त्या सातांत पेत्र आहे. येशूला धरून नेलं त्या रात्री त्यानं तीन वेळा येशूची ओळख नाकारली होती आणि तेव्हाही तो कोळशांच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. त्याच्याशी बोलणं बाकी आहे हे दोघांनाही ठाऊक असणार. पण योहान स्पष्ट लिहितो की न्याहारी झाल्यावर येशूनं विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा विचारलं.

हा भाग एका रात्री घरच्या प्रार्थनेत वाचला. थोरला सहसा त्या वेळी जांभया देत असतो, पण त्या दिवशी त्यानं विचारलं, "पेत्राला घास गेला असेल का गं?" नवरा म्हणाला, रात्रभर जाळं ओढलेला कोळी माणूस, पोटभर जेवला असणार. थोरल्याला ते मुळीच पटलं नाही. पुढे काय विचारणार आहेत ते माहीत असताना कसलं जेवण, असं त्याचं म्हणणं आणि ते अनुभवाचे बोल होते. सासूबाईंनी काही न बोलता चष्मा पुसला.

धाकटीला या वादात रस नव्हता. जाळ्यात १५३ मासे सापडले असं तिथे लिहिलंय, तर ते मोजले कुणी, हा तिचा प्रश्न. पेत्र तर आधीच पाण्यात उडी टाकून किनाऱ्याकडे गेला होता. नवऱ्याच्या मते मत्तयानं, कारण तो पूर्वीचा जकातदार, हिशेबाची सवय हाडात मुरलेली. मी पान उघडून दाखवलं की त्या सातांत मत्तयाचं नावच नाही. पण सातांपैकी दोघांची नावं दिलेली नाहीत, हे त्यानं लगेच हेरलं आणि त्यातला एक मत्तय असायला कुणाची हरकत आहे, म्हणून तो अजून अडून बसलाय.