पेंटोमिनो, 3 × 20 ची पट्टी: लावणं, काढणं आणि मोजणं

पेंटोमिनोचे बाराही तुकडे 3 × 20 च्या पट्टीत अखेर बसले. पाच सारखे चौकोन कडेला कडा लावून जोडले की एक तुकडा होतो; असे बारा वेगळे आकार आहेत आणि ज्या इंग्रजी अक्षरासारखा आकार दिसतो, त्यावरून त्याचं नाव. 6 × 10 च्या चौकटीला 2,339 उत्तरं आहेत (फिरवलेली-उलटवलेली वेगळी न धरता), त्यामुळे तिथे लावत-काढत राहिलं की कधी ना कधी जमतं. पट्टीला मात्र दोनच. इथे आधी विचार केला नाही तर हात नुसते फिरत राहतात.

सुरुवात एक्सपासून, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यापासून केली. एक्स तीन घरं उंच, पट्टीही तीनच घरं रुंद. म्हणजे तो कुठेही ठेवा, वर-खाली टेकतो आणि पट्टीचे दोन भाग पाडतो. दोन्ही बाजूंची रिकामी घरं 5 च्या पटीत आलीच पाहिजेत. एक्सचं मधलं घर तिसऱ्या स्तंभात आलं तर डावीकडे 5 आणि उजवीकडे 50 उरतात. आठव्यात आलं तर 20 आणि 35. तेरावा आणि अठरावा स्तंभ म्हणजे याचीच आरशातली रूपं. एकूण 18 जागांपैकी 14 जागा दुसरा एकही तुकडा न उचलता बाद झाल्या! या कोड्यातला मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच.

सगळ्यात जास्त वेळ आठव्या स्तंभाने खाल्ला. डावीकडची 20 घरं चार तुकड्यांनी भरायची, हे सोपं वाटतं आणि बऱ्याचदा भरतातही; पण मग उजवीकडे हवा असलेला तुकडा डावीकडे खर्ची पडलेला असतो. दोन्ही उत्तरांत एक्स तिसऱ्या स्तंभातच आहे. तरीही आठव्या स्तंभावर घातलेला वेळ मला वाया गेला असं वाटत नाही, कारण मागे किती यायचं हे तिथेच कळलं. शेवटी पाच घरांची जागा उरते, हातात डब्ल्यू असतो आणि तो बसत नाही. अशा वेळी आपण सवयीने शेवटचे दोन तुकडे काढून अदलाबदल करतो. खरं कारण बहुधा पाच-सहा तुकडे आधीचं असतं: डब्ल्यूला जागा होती तेव्हा तिथे पी ठेवलेला असतो. पी जवळपास कुठेही सामावतो, म्हणून तो जपून ठेवावा. डब्ल्यू, एफ, झेड यांना संधी मिळताच बसवून टाकावं.

दुसरी सवय अशी लागली की हातात कोणता तुकडा आहे हे पाहण्याआधी सगळ्यात अडचणीतलं घर शोधायचं. ज्या घरात कमीत कमी तुकडे बसू शकतात, ते आधी भरायचं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या ‘डान्सिंग लिंक्स’ पद्धतीत संगणकही असाच चालतो. आपल्याला तेवढा वेग नाही, पण नजर आहे.

बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग दिले तर आणखी एक चाळणी मिळते. एक्स 4-1 असा वाटला जातो, बाकीचे अकराही तुकडे 3-2. त्यामुळे एक्स बसल्यानंतर शेवटी दोन तुकड्यांची 10 घरं उरली आणि त्यांचे रंग 7-3 निघाले, तर पुढे प्रयत्नच करायचा नाही.

तिसऱ्या स्तंभात एक्स ठेवला की डावीकडची पाच घरं नेमकी यूच्या आकाराची असतात, म्हणजे दोन तुकडे आपोआप ठरले. एक्सच्या उजव्या हाताच्या वर आय आडवा, खाली पी. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला व्ही. मध्ये उरतात 35 घरं: वरच्या ओळीत 11, मधल्या ओळीत 13, खालच्या ओळीत 11. हा आकार 180 अंशांत फिरवला तर जसाच्या तसा राहतो. म्हणून त्यातले सात तुकडे एका तऱ्हेने बसले की तो सगळा गट उचलून उलट फिरवायचा, आणि दुसरं उत्तर तयार! सातांचा आतला क्रम इथे देत नाही. तो शोधण्यातच मजा आहे.

आता 8 × 8 ची चौकट घेतली आहे, मधली 2 × 2 घरं रिकामी ठेवून. तिला 65 उत्तरं आहेत. एक्सला तिथे किती खऱ्या वेगळ्या जागा उरतात, ते आधी कागदावर काढतो आहे. तुकडे अजून डब्यातच आहेत.