नवऱ्यावर रिमूव्हल ऑर्डर असताना स्पॉन्सरशिप: माझा अनुभव (कॅनडा)

नवऱ्याला एक्सक्लुजन ऑर्डर (रिमूव्हल म्हणजे देशाबाहेर काढायच्या हुकमाचा एक प्रकार) लागली तेव्हा आमच्या लग्नाला चार-पाच महिने झाले होते. स्टडी परमिटचं एक्स्टेन्शन रिजेक्ट, मग ९० दिवसांच्या आत रिस्टोरेशन म्हणजे संपलेलं स्टेटस परत मिळवायचा अर्ज टाकला तोही रिजेक्ट, आणि त्यानंतर तो इथेच राहिला, म्हणजे सरळ ओव्हरस्टे. सीबीएसएच्या (कॅनडाची बॉर्डर एजन्सी) ऑफिसरने पासपोर्ट ठेवून घेतला, ऑर्डरचा कागद दिला आणि बोलावलं की हजर राहायचं म्हणून सांगितलं. बायको पीआर म्हणजे इथली कायमची रहिवासी आहे, मग नवऱ्याला कसे काढतील असं इकडचे तिकडचे सगळे म्हणत होते. पण तसं नसतं हो. लग्न झालं म्हणून रिमूव्हल थांबत नाही आणि बायकोने नवऱ्याच्या पीआरसाठी नुसता स्पॉन्सरशिपचा अर्ज टाकला म्हणूनही आपोआप थांबत नाही.

सगळ्यात आधी ऑर्डर कुठली आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डिपार्चर ऑर्डर असेल तर ती लागू झाल्यापासून ३० दिवसांत जायचं आणि गेल्याची नोंद करून जायचं, नाहीतर तिचीच डिपोर्टेशन ऑर्डर होते, मग परत यायला एआरसी म्हणजे वेगळी परवानगी लागते, कितीही वर्षं जाऊ देत. एक्सक्लुजनला बंदी एक वर्षाची, खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल तर पाच वर्षांची. आमची एक वर्षवाली.

ओळखीतून एक कन्सल्टंट मिळाला होता, त्याचा सल्ला काय तर पत्ता बदला आणि इंटरव्ह्यूला जाऊच नका. गेलं नाही की वॉरंट निघतं, आणि वॉरंट असलं की उरलीसुरली सवलतपण जाते! कन्सल्टंट लायसन्सवाला आहे का ते त्यांच्या कॉलेजच्या (त्यांना लायसन्स देणारी संस्था) रजिस्टरवर दिसतं, याचं नाव तिथे नव्हतंच.

मग एक पंजाबी वकीलबाई भेटल्या. त्यांचा पहिला प्रश्न मला, तुझा पीआर कशातून झाला? माझा एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे शिक्षण-नोकरीच्या जोरावर. मी स्वतः कुणाची बायको म्हणून स्पॉन्सर होऊन आले असते तर पीआर झाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्या नवऱ्याला स्पॉन्सर करता आलं नसतं. पगाराचं मात्र उगाच टेन्शन घेतलं होतं, नवरा-बायकोच्या केसमध्ये सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, फक्त तीन वर्षं खर्चाची जबाबदारी घेतल्याची सही करायची.

खरा पेच इनलँड (नवरा कॅनडात राहून अर्ज) की आउटलँड (बाहेरून येण्यासाठीचा अर्ज). २००५ पासून एक पॉलिसी आहे की नुसतं स्टेटस संपलंय एवढ्यावरून इनलँड अर्ज बाद करत नाहीत, आणि काही केसेसमध्ये सीबीएसए ६० दिवस रिमूव्हल पुढे ढकलतं. पण ते रिमूव्हलच्या इंटरव्ह्यूला बोलावायच्या आधी अर्ज गेला असेल तर. आमचे कागद जुळेपर्यंत बोलावणं आलंच होतं. ह्युमॅनिटेरियन म्हणजे माणुसकीच्या कारणावरून केलेल्या अर्जाने रिमूव्हल थांबत नाही. फेडरल कोर्टात स्टे म्हणजे रिमूव्हलला स्थगिती मागता येते, पण भरून न येणारं नुकसान दाखवावं लागतं आणि नवरा-बायकोची ताटातूट एवढं त्यासाठी सहसा पुरत नाही असं बाईंनी तोंडावर सांगितलं. पीआरआरए म्हणजे परत गेला तर जिवाला धोका आहे का ते बघणं, आता कऱ्हाडात याच्या जिवाला धोका कसला, सासूबाईंच्या हातचं खाऊन वजन वाढायचा तेवढा!

इनलँडमध्ये दोघांनी कॅनडात एकत्र राहणं हीच अट, त्यामुळे माणूस बाहेर काढला की अर्जच लटकतो. शिवाय नकार आला तर अपील नाही. आउटलँडला मला अपील करता येतं आणि तो कुठेही असला तरी फाईल चालू राहते. बाईंचं गणित असं की प्रोसेसिंगला तसंही वर्षभर जातं आणि बंदीही वर्षाचीच, मग ते वर्ष तिकडे काढलेलं बरं. माझ्या आईला हे अजिबात पटलं नाही, जावयाला असं परत पाठवतात का म्हणून दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण आम्ही आउटलँडच टाकलं.

जाताना एक काम विसरू नका, सर्टिफिकेट ऑफ डिपार्चर. टोरंटोच्या पिअर्सन एअरपोर्टला फ्लाइटच्या खूप आधी पोचलो, तिथल्या सीबीएसएच्या ऑफिसरने पासपोर्ट परत दिला, कागद भरून सही केली, मी आधी त्या कागदाचा फोटो काढला आणि मगच याला आत सोडलं. ही नोंद नसेल तर तुमचं एक वर्ष मोजायलाच सुरुवात होत नाही.

पुढे अर्ज बघणाऱ्या ऑफिसरचं पत्र आलं, लग्न खरं आहे का अशी शंका घेणारं. लग्न सिटी हॉलमध्ये, दोघांचेही आईवडील हजर नाहीत, फोटोत जेमतेम सात-आठ माणसं, आणि मग लगेच ऑर्डर, म्हणजे संशय येणारच. नशिबाने साखरपुडा आधी कऱ्हाडला झाला होता. हॉलची पावती, ब्लाउज शिवायला टाकल्याचे आईचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, आत्याचं नोटरी केलेलं पत्र, माझी भारतात जाण्याची तिकिटं, जॉइंट लीज, सगळं तारखेवार लावून पाठवलं. तुमचं नातं ऑर्डरच्या आधीचं असेल तर ते दाखवणाऱ्या कागदांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, लग्नाचे गोड फोटो नंतर.

व्हिसा वर्ष उलटल्यावर आला म्हणून एआरसी लागलं नाही, आधी आला असता तर ते मागावं लागलं असतं. लँडिंगला ऑफिसरने जुनी ऑर्डर स्क्रीनवर बघितली, सर्टिफिकेट मागितलं, ते बघून कन्फर्मेशनच्या कागदावर सही घेतली आणि सोडलं. दुसऱ्या दिवशी सिन नंबर (इथे नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर) काढायला गेलो.