डाव्या पानावर सिनेमा, उजव्या पानावर पुस्तक

माझी नोंदवही म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती पुठ्ठ्याच्या बांधणीची लांबडी रजिस्टर वही. डावं पान पाहिलेल्या सिनेमाचं, उजवं वाचलेल्या पुस्तकाचं. रकाने मीच पट्टीने आखतो: तारीख, कुठे, कोणती प्रत, लांबी, सोबत कोण, उशिराचं कारण, शेरा.

'उशिराचं कारण' हा रकाना नोकरीतून आला. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, बरीचशी वर्षं साताऱ्यात. गाडी वेळेवर आली तर कुणी काही विचारत नाही, उशिरा आली की कारण लिहावं लागतं. टायर पंक्चर, घाटात कोंडी, बाजाराचा दिवस. निवृत्त झाल्यावर राहून गेलेले जुने सिनेमे आणि पुस्तकं हातात घेतली, तेव्हा हा रकाना आपसूकच वहीत येऊन बसला. ज्याला सगळे थोर म्हणतात ते आपण साठीपर्यंत का बाजूला ठेवलं, हे एका ओळीत लिहायचं म्हटलं की मजा येते. 'स्मृतिचित्रे'च्या पुढे लिहिलंय: 'शाळेत धडा होता, त्यामुळे वाचल्यासारखंच वाटत आलं.' 'कोसला'च्या पुढे: 'मित्राने फार आग्रह केला म्हणून.' 'संत तुकाराम'च्या पुढे रकाना कोरा आहे. तो लहानपणीच गणपतीत, रस्त्यावर बांधलेल्या पडद्याच्या उलट्या बाजूला बसून पाहिला होता. पाटीवरची अक्षरं उलटी दिसायची, पण पागनीसांचा तुकाराम दोन्ही बाजूंनी सारखाच.

आता वहीत त्याची नवी नोंद आहे. शेऱ्यात लिहिलंय: ''आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांचं.' ते तुकोबांचंच आहे असं समजून कीर्तनातसुद्धा म्हटलं जातं. १९३६ सालच्या सिनेमातल्या गीतकाराला याहून मोठी पावती काय मिळणार?

'कोणती प्रत' हा रकाना मात्र डोकं खातो. पुस्तकाचं सोपं असतं, आवृत्ती आणि साल लिहिलं की झालं. जुन्या सिनेमाचं तसं नाही. प्रभात फिल्म कंपनीने कितीतरी चित्रपट मराठीत आणि हिंदीत असे दोन्हीकडे केले. १९३९चा 'माणूस' पाहिला की 'आदमी' पाहिला, हे लिहायलाच हवं. मराठीत शांता हुबळीकरांची मैना असते, हिंदीत तीच केसर होते. १९४१च्या 'शेजारी'त तर माणसंच बदलतात. मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार. त्यांचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते आणि हिंदी 'पडोसी'त मझहर खान. म्हणजे हिंदीत मुसलमानाचं काम हिंदूने आणि हिंदूचं मुसलमानाने केलेलं. 'प्रभातचा शेजारी पाहिला' एवढीच नोंद केली असती तर ही गोष्ट माझ्या हातून निसटली असती. शिवाय मोबाइलवर जे जुने सिनेमे सापडतात त्यातल्या काहींची गाणी कुणीतरी कापलेली, काहींचा शेवट गायब. मी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ घड्याळ बघून लिहितो. बायको म्हणते, "सिनेमा बघताय की गाडी सोडताय?" दोन्ही, असं मी मनातल्या मनात म्हणतो.

लेक पुण्याला असते. तिने मागे अ‍ॅप टाकून दिलं होतं. सिनेमांसाठी एक, पुस्तकांसाठी दुसरं. "बाबा, इथे नुसते स्टार द्यायचे, लिहायची कटकट नाही." चार दिवस दिले स्टार. पण हंसा वाडकरांना किती स्टार द्यायचे? आणि कुठल्या हंसा वाडकरांना?

ती नोंद माझ्या वहीतली सगळ्यात लांब आहे, दोन्ही पानं भरून पुढच्या पानावर गेलेली. डावीकडे 'सांगत्ये ऐका', १९५९, दिग्दर्शक अनंत माने. पुण्याच्या विजयानंद थिएटरला हा तमाशापट १३१ आठवडे चालला. आमच्या आत्या त्याबद्दल एखाद्या जत्रेबद्दल सांगावं तसं सांगायच्या. 'बुगडी माझी सांडली गं' पडद्यावर जयश्री गडकरांचं, पण सिनेमा उचलून धरतात त्या हंसा वाडकर. उजवीकडे पुन्हा 'सांगत्ये ऐका'. हे हंसाबाईंचं आत्मकथन, १९७० साली पुस्तकरूपात आलेलं. नाव तेच, आतला मजकूर मात्र सिनेमाचा नाही. पोटासाठी लहान वयात स्टुडिओत उभी राहिलेली मुलगी, लग्न, दारू, घर सोडणं, परत येणं. लपवाछपवी नाही आणि रडगाणंही नाही. मी ते दोन बैठकांत वाचलं आणि मग सिनेमा पुन्हा लावला. पहिल्यांदा जी बाई फडावरची वाटली होती, तिच्या चेहऱ्यावर आता दुसरंच काही दिसत होतं. ते खरंच तिथे आहे, की पुस्तकामुळे मीच तिथे चिकटवलं, हे मला आजही ठरवता येत नाही. शेऱ्यात तसंच लिहून ठेवलंय.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला, त्यात स्मिता पाटील. म्हणून पुढच्या डाव्या पानावर 'भूमिका', आणि बाणाने मागच्या उजव्या पानाशी जोडलेलं. वहीच्या शेवटी मी नावांची सूची ठेवतो, अ पासून ज्ञ पर्यंत. या सूचीने जे दाखवलं ते एरवी माझ्या लक्षात आलं नसतं. हंसाबाईंचं सांगणं लिहून घेतलं अरुण साधूंनी. 'स'मध्ये गेलो तर साधूंचं नाव आधीच होतं, 'सिंहासन'पुढे! १९७९चा जब्बार पटेलांचा सिनेमा, साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेली. तमाशा-सिनेमातल्या नटीचं बोलणं कागदावर उतरवणारा माणूस आणि मंत्रालयातली उंदीर-मांजराची पळापळ लिहिणारा माणूस एकच. मग मी 'मुंबई दिनांक' पुन्हा काढली. यात माणसं बोलतात ती ऐकून लिहिल्यासारखी का वाटतात, याचा थोडा उलगडा झाला. वार्ताहर होते ते; ऐकणं हा त्यांचा धंदाच.

आणि स्मिता पाटीलचा बाण तिथून 'उंबरठा'कडे गेला. १९८२, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. घर सोडून नोकरीला गेलेल्या सुलभाचा हा सिनेमा आम्ही दोघांनी मिळून पाहिला. 'सोबत कोण' या रकान्यात बायकोचं नाव असलं की शेऱ्याची शेवटची ओळ तिची, असा आमचा करार आहे. मी सुरेश भटांच्या 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या'बद्दल बरंच काही लिहिलं. तिने खाली आपल्या अक्षरात लिहिलं: 'सुलभा परत आलीच कशाला?' यावर आमचं रात्री जेवताना वाजलं. मी म्हणालो, मुलीसाठी. ती म्हणाली, ते तुम्हाला वाटतं. 'बेघर' अजून तिने वाचायला घेतलेली नाही, माझं वाचून झालं आहे, त्यामुळे मी गप्प आहे.

दुसरा असाच धागा विश्राम बेडेकरांचा. 'रणांगण' १९३९ची. उशिराचं कारण: 'नावावरून लढाईची वाटली.' आहे ती बोटीवरची गोष्ट. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि विलायतेहून परतणारा चक्रधर विध्वंस. जेमतेम लांबीची कादंबरी, पण ती वाचून झाल्यावर दुसरं काही हातात धरवेना. सूचीत 'ब' काढला तर बेडेकर तिथे होते. 'शेजारी'ची कथा त्यांची. म्हणजे ज्या माणसाने बोटीवर धर्मावरून हाकलली गेलेली माणसं रंगवली, त्यानेच दोन वर्षांनी एका गावातल्या दोन म्हाताऱ्या मित्रांची, त्यांच्यात पाडलेल्या फुटीची आणि शेवटी फुटणाऱ्या धरणाची गोष्ट दिली. सिनेमावाल्यांच्या यादीत 'शेजारी' दिग्दर्शक व्ही. शांतारामांचा असतो, पुस्तकवाल्यांच्या यादीत 'रणांगण' बेडेकरांची असते. दोन्ही याद्या एका वहीत असल्या तर निदान एकमेकींना दिसतात.

सगळ्याच जोड्या अशा फळतात असं नाही. 'बनगरवाडी'ची कादंबरी मला सिनेमापेक्षा इतकी जवळची आहे की डाव्या पानावर दोनच ओळी आहेत आणि त्याही सौजन्याने लिहिलेल्या. 'राशोमोन'चं उलट. जपानी लेखक अकुतागावाच्या 'राशोमोन' नावाच्या कथेतून दिग्दर्शक कुरोसावाने पडकी वेस आणि पाऊस घेतला, खून आणि साक्षी मात्र त्याच्याच दुसऱ्या कथेतल्या. दोन्ही कथा वाचायला एक दुपार पुरली. चांगल्या आहेत, पण सिनेमापुढे उजवं पान फिकं पडलं.

'पथेर पांचाली'ने मात्र मला दोन-तीन दिवस नीट झोपू दिलं नाही. सिनेमा पूर्वी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे त्या काळात अर्धा पाहिला होता. मग लाइट गेली. आता पूर्ण पाहिला. कास गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून अपू आणि दुर्गा धावतात आणि आगगाडी येते, ते दृश्य कोण विसरेल? मी तर गाडीच्या खात्यातला माणूस, भले रुळावरची नसो. मग मराठी अनुवाद वाचला. विभूतिभूषणांच्या कादंबरीत दुर्गाला आगगाडी दिसतच नाही. आजारात ती भावाला म्हणते, बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील ना? आणि ती जाते. म्हणजे पुस्तकाने जे नाकारलं ते सत्यजित रायने तिला देऊन टाकलं. काही जण म्हणतील, यात कादंबरीचा काटाच निघाला. मला तसं वाटत नाही. सिनेमात ती गाडी पाहते तरी मरतेच, आणि तिची आई रडते तेव्हा रडण्याच्या आवाजाऐवजी तारशहनाई हे वाद्य ऐकू येतं. हे दोन्ही पानांवर आडवं लिहिलंय, मधली शिवण ओलांडून.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर अंधारात छोटी बॅटरी धरून डायरीत टिपणं काढत सिनेमे पाहायचे. त्यांच्यावरच्या 'सेल्युलॉइड मॅन' या माहितीपटात ते आहे. त्यांना थांबवायचं बटण नव्हतं. मला आहे, तरी मी सिनेमा संपेपर्यंत वही उघडत नाही. लिहायला बसलं की पाहणं सुटतं, माझं तरी. पुस्तकाच्या बाबतीत मात्र पेन्सिल हातात असते, कारण पान आपलं ऐकून थांबतं.

सध्या अडलोय ते 'कुंकू'पाशी. १९३७, शांता आपटे आणि केशवराव दाते. पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते घड्याळाचं, भांड्यांचं, ग्रामोफोनचं, त्या घरातलंच. म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, आणि तो नकार आजही आमच्या हॉलमध्ये बसून बघताना अंगावर येतो. डावं पान भरलंय. उजवं कोरं आहे, कारण मूळ कादंबरी, ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट', मला कुठे मिळत नाही. आपटे साताऱ्याजवळच्या कोरेगावात राहायचे. कोरेगावच्या किती गाड्या मी सोडल्या असतील, आणि तिथे हा लेखक राहून गेला हे कळलं सिनेमाच्या श्रेयनामावलीचा माग काढताना. 'अमृतमंथन'सुद्धा त्यांच्याच 'भाग्यश्री'वरचा. तेव्हा 'आ'मध्ये आता दोन नोंदी आहेत आणि वाचलेलं पुस्तक एकही नाही. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी मागच्या खोलीतली जुनी कपाटं उघडून बघते म्हणून सांगितलंय. किल्ली ज्या शिपायाकडे असते तो सोमवारी रजेवरून येतो. उशिराच्या रकान्यात तूर्त तेच लिहिलं आहे.