प्रागमधला शेवटचा दिवस: चार्ल्स पुलावरचं संगीत

व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग अशी सहल आखत असाल, तर प्राग शेवटी ठेवा आणि परतीच्या दिवशी बघण्याच्या यादीत काहीही टाकू नका. किल्ला, खगोलीय घड्याळ, जुनी ज्यू वस्ती हे सगळं आधीच उरकून घ्या. शेवटचा दिवस चार्ल्स पुलासाठी राखायचा, आणि पुलापेक्षाही त्यावर वाजवणाऱ्यांसाठी.

आमचं विमान संध्याकाळचं होतं, पण हॉटेलची खोली सकाळीच सोडायची होती. सामान मुख्य रेल्वे स्थानकातल्या क्लोक रूममध्ये ठेवलं. जुन्या शहरातले रस्ते दगडी आहेत, त्यावरून चाकांची बॅग ओढणं म्हणजे नुसता वैताग. मेट्रोने मुझेउमला गाडी बदलून हिरव्या ए मार्गावरच्या स्तारोमेस्त्स्का स्टेशनला उतरलं की पूल पाच-सात मिनिटांवर. तिकीट काढल्यावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट तपासनीस ग्राह्य धरत नाहीत, थेट दंड होतो.

हा पूल सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये बांधायला घेतला. लांबी ५१६ मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० शिल्पं. वाहनांना बंदी असल्यामुळे नुसतं व्हायोलिनसुद्धा दूरवर ऐकू येतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते जुन्या धाटणीचं जॅझ वाजवणाऱ्या वयस्कर मंडळींपाशी. क्लॅरिनेट, बँजो, आणि तालाला चक्क कपडे घासायचा पत्र्याचा नागमोडी फळा! वाजवणाऱ्या आजोबांनी बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं चढवली होती. पत्र्यावर बोटं वरून खाली ओढली की खर्रर्र, मग कडेवर दोन टिचक्या. आमची आई भजनी मंडळात टाळ वाजवते. ती पहिल्यांदा नुसती बघत होती, मग पर्सवर ठेका धरला, आणि आजोबांनी तिच्याकडे बघून मान हलवत लय वाढवली. तीही मागे हटली नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, "अरे, हे समेवर बरोबर येतात की!" मी म्हटलं, "आई, पुढे जायचं का?" तर म्हणे, "तू जा, मी अजून एक ऐकते."

पुढे एक जण टेबलावर मांडलेल्या पाण्याच्या ग्लासांच्या कडांवरून ओली बोटं फिरवत वाजवत होता. मांडणी आपल्या जलतरंगासारखी, पण इथे काठीचा आघात नाही, त्यामुळे स्वर तुटत नाही. एकात एक मिसळत जातो. हे ऐकायला अगदी जवळ जावं लागतं, चार पावलांवर गर्दीच्या आवाजात ते विरून जातं.

कोण कधी वाजवेल याची खात्री नसते. पाऊस आला की सगळे आवरतात. म्हणून एका फेरीवर समाधान मानू नका. अकरानंतर गर्दी वाढते, विशेषतः सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्यापाशी, जिथे हात लावायला रांग लागते. तिथे पाकीट पुढच्या खिशात, बॅग पोटावर. दमलात तर पुलावरूनच जिना उतरून कांपा बेटावर जा, बसायला सावली मिळते. आमच्या आईबाबांना या विश्रांतीचा फार उपयोग झाला.

पैशांचं म्हणाल, तर चेक क्राउनची नाणी भारतात बदलून मिळत नाहीत. ५, १०, २० आणि ५०ची उरलेली सगळी नाणी शेवटच्या दिवसासाठी बाजूला काढून ठेवा. चुंबक आणि कीचेनवर ती संपवण्यापेक्षा कलाकारांच्या पेटीत टाका. त्यांची रोजी त्यावरच चालते. व्हिडिओ काढणार असाल तर पैसे द्याच, आणि निदान एक गाणं मोबाइल खिशात ठेवून पूर्ण ऐका. अर्ध्यावर उठून जाणारे तिथे खूप दिसतात, मला ते फार खटकतं.

विमानतळासाठी स्तारोमेस्त्स्काहून ए मार्गानेच नाद्राझी वेलेस्लाविन, तिथून ५९ नंबरची ट्रॉलीबस. सामान आणायला आधी रेल्वे स्थानकावर जायचंय हे धरून, विमानाच्या वेळेआधी चार तास पूल सोडा. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे परतणाऱ्यांनी टर्मिनल १ ला उतरायचं. टर्मिनल २ शेंगेन (एकाच सामायिक व्हिसाच्या) देशांच्या विमानांसाठी आहे.