शेपटाबिगर उंदीर

खानापूरकडच्या आमच्या वाड्यात देवघराच्या भिंतीवर गणपती रंगवलेला आहे. कुणी काढला, घरात कुणालाच ठाऊक नाही. पायाशी उंदीर, त्याचं शेपूट मात्र वीज आली तेव्हा स्विचबोर्डाखाली गेलं.

पण खरा गुन्हा माझा. बहिणीच्या लग्नात भिंत ‘नीट दिसावी’ म्हणून कमरेपर्यंत मीच ऑइलपेंट मारला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जोत्यातून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून वाळून जायची. पेंटाने ती कोंडली. मग ती वर सरकली आणि दोन पावसाळ्यांत गणपतीच्या मांडीला मीठ फुटलं, पोपडे सुटले.

गेल्या वर्षी लेकीकडे मिलानला गेलो. तिथल्या मठाच्या जेवणघरात लिओनार्दो दा विंचीने भिंतीवर रंगवलेलं येशूचं ‘अखेरचं भोजन’. बघायला मिळतात पंधरा मिनिटं. सगळे येशूकडे बघत होते, मी आधी कोपरे बघितले, ओल कुठं आहे म्हणून! ओल्या गिलाव्यावर भरभर रंगवावं लागतं, या बाबाला तर सावकाश काम करायचं होतं. म्हणून १४९५ ते १४९८ मध्ये सुक्या भिंतीवर रंगवलं. रंग चुन्यात मुरलाच नाही, त्याच्या हयातीतच सुटायला लागला. पुढे १६५२ मध्ये भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पायच गेले. आमचा स्विचबोर्ड आठवून मला तिथंच हसू फुटलं, लेकीने चिमटा काढला.

पिनिन ब्रांबिला बार्चिलोन या बाईंनी वीसेक वर्षं, १९९९ पर्यंत, त्या भिंतीवर काम केलं. आधीच्यांनी चढवलेले रंग कणाकणाने काढले. मूळ रंग उरलाच नव्हता तिथं फिकट जलरंग भरून सोडून दिलं. जवळून बघितलं की गेलेलं गेलेलंच दिसतं.

परत आलो तर काकांनी बॅनरवाला पेंटर ठरवूनच ठेवलेला. “नवा कोरा गणपती करून देतो म्हणालाय.”

त्याला चहा पाजून पाठवलं. आधी पन्हळ बदलली, मागच्या भिंतीला टेकलेला मातीचा ढीग उपसला. ऑइलपेंट बोथट पट्टीने खरवडला, पण चित्राच्या वीतभर खाली थांबलो, पुढं जुना रंगही सोबत यायला लागला होता. परवा स्विचबोर्ड हलवला. भोकात सिमेंट नाही, चुनाच भरला.

काका बराच वेळ बघत उभे होते.

“आता शेपूट काढ की.”

“नको.”

“शेपटाबिगर उंदीर कसला रे?”